वहिनीचा डबा

सकाळचे पावणेसहा वाजले होते आणि हॉस्पिटलसमोरच्या लॉजवर मी, भाऊ आणि नाना असे तिघं जण वहिनीला कधी लागतेय याची वाट बघत बसलो होतो. हो, तीच. संडास. वहिनी आत, भाऊ दाराबाहेर येरझारा घालतोय आणि नाना खिडकीतून रस्त्यावरच्या दूधगाड्या मोजतायत, जणू आपला या सगळ्याशी काही संबंधच नाही. दोन चहा झाले, तांब्याभर गरम पाणी झालं, दोन केळी झाली. या बाईला उभ्या आयुष्यात बद्धकोष्ठ माहीत नाही, उठली की पाच मिनिटात मोकळी, डॉक्टरांना तर त्याचं कोण कौतुक, आणि नेमका त्याच दिवशी पोटाने संप केला. आतून आवाज आला, "तुम्ही सगळे दाराला कान लावून बसल्यावर कसं होईल हो?" मग आम्ही तिघं खाली चहाच्या टपरीवर जाऊन उभे राहिलो, आणि साडेसहाला वहिनी झाकणाचा प्लास्टिकचा डबा काळ्या पिशवीत गुंडाळून, तोंड पदरात लपवून जिना उतरली. हसत होती की रडत होती, मला आजही सांगता येणार नाही.

तो डबा सहा तासांच्या आत माझ्या मायच्या पोटात जायचा होता.

थांबा, पहिल्यापासून सांगते.

आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरी नदीच्या काठी. माय तेव्हा सहासष्ट वर्षांची. दाढ सुजली, तालुक्याला जाऊन काढून आणली, सोबत क्लिंडामायसिनच्या गोळ्या मिळाल्या, सात दिवसांच्या. सातवा दिवस संपला आणि जुलाब सुरू. आपल्याकडे जुलाबाला कोण घाबरतं? ताकभात, साबुदाण्याची पेज, मेथीदाणे, डाळिंबाची साल उकळून, सगळं झालं. मग गावातल्या डॉक्टरांनी जुलाबाची म्हणून जी गोळी दिली ती पण अँटिबायोटिकच, म्हणजे आगीत अजून चुलीतली लाकडं. दिवसातून बारा वेळा, पंधरा वेळा. पाणीच पाणी, वर एक विचित्र उग्र वास, आणि पोटात कळ आली की माय खाटेचा माचा धरून बसायची. माझी माय कांदे काढताना दिवसभर उकिडवी बसणारी बाई, ती महिन्याभरात नऊ किलो उतरली.

तालुक्याला ॲडमिट केलं, सलाईन, मेट्रोनिडॅझोल, बरं वाटलं, घरी आणलं. पंधरा दिवसांनी परत. परत ॲडमिट. परत बरं. परत घरी. तिसऱ्या वेळेस मी रजा टाकून नाशिकहून आले आणि गाडी करून तिला सरळ मोठ्या शहरात नेलं. त्या प्रवासाचं वर्णन करत नाही, मायला आवडणार नाही. एवढंच सांगते की ढाब्यावरच्या बायांचं संडास किती लांब आणि किती घाण असतं यावर मी एक स्वतंत्र लेख लिहू शकते.

तिथे संडासाची एक तपासणी झाली आणि पहिल्यांदा त्या जंतूचं नाव कळलं. क्लॉस्ट्रिडिऑइड्स डिफिसिल. डॉक्टर लोक लाडाने सी डिफ म्हणतात. डिफिसिल म्हणजे अवघड, १९३५ साली जेव्हा तो सापडला तेव्हा लॅबमधे वाढवायला फार त्रास दिला म्हणून हे नाव, आणि गंमत म्हणजे सापडला कुठे तर धडधाकट तान्ह्या बाळांच्या शीमधे. त्यांना काही करत नव्हता बिचारा. पार १९७८ पर्यंत कुणाला वाटलंच नाही की अँटिबायोटिक घेतल्यावर होणाऱ्या त्या भयंकर जुलाबांमागे हाच आहे.

शेतकऱ्याच्या घरातली असल्यामुळे मला हे प्रकरण तणासारखंच समजलं. तुम्ही रानात सगळंच जाळणारं तणनाशक मारलं, पीकही गेलं, गवतही गेलं, जमीन उघडी पडली. पहिला पाऊस पडला की सगळ्यात आधी काय उगवतं? कुंदा. कारण त्याच्या मुळ्या खाली खोल बसलेल्या असतात, तिथे औषध पोचतच नाही. सी डिफचंही तेच, तो टणक कवचाचे बीजाणू करून बसतो, अँटिबायोटिक त्यांना काही करू शकत नाही, आणि औषध थांबलं की मोकळ्या रानात हाच पहिला. एकदा झाल्यावर साधारण पाचातल्या एकाला परत होतो आणि ज्याला परत झाला त्याला पुन्हा होण्याची शक्यता अजून वाढते. घरी आम्ही कोरोनातलं उरलेलं सॅनिटायझर चोपडून चोपडून हात सालपटले होते, तर नर्सबाई म्हणाल्या अहो ताई, याच्यावर सॅनिटायझर चालत नाही, साबण आणि वाहतं पाणी, आणि संडास ब्लीचने धुवा. सहा महिने आम्ही नुसताच वास लावून फिरत होतो.

व्हँकोमायसिन नावाचं अँटिबायोटिक सुरू झालं. ही एक बघण्यासारखी गोष्ट होती, इंजेक्शनची बाटली फोडून पाण्यात कालवून प्यायला द्यायचे, दिवसातून चार वेळा, दहा दिवस. तोंडाने घेतलं की ते रक्तात जवळपास उतरतच नाही, आतड्यातच राहतं आणि तिथेच काम करतं. माय म्हणायची, कडू जहर. बरं वाटलं. घरी गेलो. अठराव्या दिवशी भावाचा फोन, "ताई, परत लागलं."

मग डॉक्टर म्हणाले की आता एक वेगळा उपाय आहे. निरोगी माणसाची विष्ठा, सगळ्या तपासण्या करून, सलाईनच्या पाण्यात कालवून, गाळून, कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे खालून घालायच्या नळीने मायच्या मोठ्या आतड्यात सोडायची. मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. डॉक्टरांना ते चेहरे बघायची सवय असावी, त्यांनी लगेच ठरलेलं उदाहरण काढलं, म्हणाले आजी, घरचं दही बिघडलं की काय करता, शेजारून चमचाभर विरजण आणता ना? तसंच हे, पोटातलं विरजण बदलायचं.

मला ते उदाहरण फार आवडलं. मायला अजिबात नाही. वॉर्डातून बाहेर पडेपर्यंत गप्प होती, मग म्हणाली, "इरजन दूधनं ऱ्हास. हाई काय दूध शे का?" आणि मग माझ्याकडे बघून, "मन्हा पोटमा दुसराना गू? तुन्हं डोकं ठिकानवर शे ना?"

दोन दिवस तिने विषय काढू दिला नाही. मरू द्या म्हणाली. उपाशी मरेन पण हे नाही. मी रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर मोबाईलवर वाचत बसायचे, आणि जे वाचायचे ते सांगायला कुणी नव्हतं. १९५८ साली अमेरिकेत डेन्व्हरला बेन आयझमन नावाच्या सर्जनने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी असे चार मरणाला टेकलेले पेशंट विष्ठेच्या एनिमाने बरे केले, पेपर लिहिला, आणि लोकांनी नाक मुरडून तो बाजूला ठेवला. चीनमधे चौथ्या शतकातला गे होंग नावाचा वैद्य हगवणीच्या आजाऱ्याला माणसाची विष्ठा पाण्यातून पाजायचा. मग एकदम जानेवारी २०१३. ॲमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी रीतसर ट्रायल केली, नाकातून नळी घालून लहान आतड्यात द्रावण सोडलं, १६ पैकी १३ जण पहिल्या डोसात बरे, उरलेल्या तिघांतले दोघं दुसऱ्या डोसात. नुसत्या व्हँकोमायसिनवाल्या १३ पैकी फक्त ४. फरक इतका ढळढळीत दिसला की ट्रायल मधेच थांबवावी लागली, उरलेल्यांना हलकं औषध देत राहणं बरोबर वाटेना.

हे आकडे मी मायला सांगितले. तिने कूस बदलली.

शेवटी काम केलं नानांनी, म्हणजे ते बोलले तरी. नाना एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलणारा माणूस. संध्याकाळी तिच्या कॉटशेजारी स्टुलावर बसले आणि म्हणाले, "आपला ढवळ्याले काय करेल व्हतं, याद शे का?"

मला आठवत होतं, मी तेव्हा सातवी-आठवीत. ढवळ्या बैलाने रात्री दावं तोडून बाजरीचं पोतं फोडलं आणि पोट फुटेस्तोवर खाल्लं. सकाळी नुसता पडून, रवंथ बंद, डोळे आत गेलेले. ढोरांच्या डॉक्टरांनी शेजारच्या वाड्यातल्या गाईच्या पोटात नळी घालून हिरवं-पिवळं पाणी काढलं, बादलीभर, आणि ते वासासकट ढवळ्याला पाजलं. जनावराच्या पोटात चारा पचवणारे जंतू असतात, नुसतं धान्य पडलं की ते आंबून मरतात, दुसऱ्याचे आणून घातले की पोट परत चालू होतं. आमच्याकडची जुनी माणसं तर चांगल्या जनावराच्या तोंडातला रवंथच काढून आजारी जनावराच्या तोंडात कोंबायची म्हणे, डॉक्टर नसतानाही. तिसऱ्या दिवशी ढवळ्याने रवंथ सुरू केला तेव्हा मायने त्याच्यावरून भाकरी ओवाळून टाकली होती.

माय बराच वेळ छताकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग तसं सांगानं ना."

झालं. युरोपातली ट्रायल हरली, ढवळ्या जिंकला.

मी मात्र त्या दिवसापासून किळस या गोष्टीचा विचार करत राहिले. माझ्या मायने आयुष्यभर शेणात हात घातले, भल्या पहाटे गोठा साफ केला, गवऱ्या थापल्या, अंगण सारवलं आणि त्याच हाताने तोंडावरचा घाम पुसला. शेणाला आपल्याकडे घाण म्हणत नाहीत. बैलाच्या पोटातलं पाणी औषध. मग माणसाचंच काय घोडं मारलंय? आणि मग मला आठवली अमळनेरला मावशीच्या जुन्या वाड्यामागची बोळ. तिथे पाटीचं संडास होतं. रोज सकाळी एक बाई त्या बोळीतून यायची, मागचं लोखंडी झाकण उघडायची, आणि आम्हा पोरांना ताकीद असायची की ती जाईपर्यंत मागे जायचं नाही. शिवू नका, बोलू नका. मावशीच्या घरातल्या प्रत्येकाचं पोट कसं आहे ते त्या बाईला माहीत असणार आणि तिचं नाव मला आजही माहीत नाही. हाताने मैला उचलायला बंदी घालणारा पहिला कायदा १९९३ चा, तो पुरेना म्हणून दुसरा केला २०१३ ला. म्हणजे ज्या वर्षी ॲमस्टरडॅममधे विष्ठा औषध म्हणून सिद्ध झाली, त्याच वर्षी आपण अजून ती डोक्यावरून वाहणाऱ्या माणसांसाठी कायदा करत होतो. यातून काय काढायचं ते मला अजून कळलेलं नाही. पण हे दोन २०१३ माझ्या डोक्यात शेजारी शेजारी जाऊन बसलेत.

असो. तर आता द्यायचं कोणी?

मी तर लगेच पुढे झाले. पोटची लेक आहे, माझ्याशिवाय कोण? फॉर्म भरताना विचारलं, तीन महिन्यांत अँटिबायोटिक घेतलंय का? घेतलं होतं ना. सर्दी-खोकल्याला मेडिकलवाल्याकडून तीन दिवसांची ॲझिथ्रोमायसिन, कुणालाही न विचारता, जसं आपण सगळे घेतो. बाद. भाऊ, शुगर आणि पोटाचा घेर, बाद. नानांचं वय आणि बीपीच्या गोळ्या, बाद. लठ्ठ माणसाचं घेत नाहीत याला कारण आहे, २०१५ मधे अमेरिकेतली एक केस छापून आली होती, एका बाईला तिच्याच मुलीचं दिलं, इन्फेक्शन बरं झालं पण पुढच्या वर्षा-दीड वर्षात बाईचं वजन भसाभस वाढलं. एका केसवरून काही सिद्ध होत नाही, पण तेव्हापासून डॉक्टर ताकही फुंकून पितात.

उरली वहिनी.

इथे थोडं सांगायला पाहिजे. वहिनी शिरपूरकडची, लग्नाला चौदा वर्षं झाली आणि त्यातली चौदाही वर्षं माय आणि तिचं स्वयंपाकघरातलं शीतयुद्ध चालू आहे. भांडण नाही, आवाज नाही. फक्त शेवभाजीला तर्री कमी पडली की माय ताटावरून उठताना पाण्याचा तांब्या जरा जोरात ठेवते. वहिनीचा काळा मसाला मायला जाळलेला लागतो. कळण्याच्या भाकरीत उडीद जास्त झाले. भरताची वांगी नीट भाजली नाहीत, ती बामणोदची नव्हतीच. चौदा वर्षं वहिनीच्या हातचं खाऊन मायच्या पोटाने तक्रार केली, आणि आता त्याच पोटाला वहिनीच्या पोटातून उसनं आणायचं होतं.

तिची तपासणी आठ दिवस चालली. रक्त, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गरमी म्हणजे सिफिलिस, मग विष्ठेत जंत, अमिबा, आणि औषधांना न जुमानणारे जंतू आहेत का ते. हे शेवटचं फार महत्त्वाचं. २०१९ मधे अमेरिकेत दोन पेशंटना अशाच एका दात्याकडून औषधाला दाद न देणारा ई कोलाय नावाचा जंतू गेला, त्यातला एक दगावला, त्यानंतर तिथल्या सरकारी औषध खात्याने, एफडीएने, इशारा काढला. भावाने यूट्यूबवर घरच्या मिक्सरमधे करायचा व्हिडिओ शोधून काढलेला होता, "ताई, लई सोपं शे", मी त्याला ही बातमी दाखवली तेव्हा कुठे मोबाईल खाली ठेवला. बोस्टनजवळच्या एका विष्ठाबँकेत, हो अशी बँक असते, दाते व्हायला आलेल्या शंभरातले जेमतेम तीन पास होत असत आणि पास झालेल्याला एका वेळचे ४० डॉलर मिळायचे. आमची वहिनी पास झाली. सगळ्यात. एकही गोळी चालू नाही, शेतातलं खाणं, दिवसभर पायावर. मी रिपोर्ट वाचत होते आणि मला खरं सांगते थोडा राग आला, पोटची लेक नापास आणि शिरपूरची पास.

आणि मायने काय केलं? तिने वहिनीच्या जेवणाचा ताबा घेतला. कॉटवर पडल्या पडल्या, भावाकडून निरोप, "तिले सांग, बाहेरनं काही खाऊ नको." "पाणीपुरी नको." "शिळं नको." चौदा वर्षांत ज्या बाईने सुनेला तू जेवलीस का हे विचारल्याचं मला आठवत नाही, ती आता तासातासाला विचारत होती. वहिनी बिचारी लॉजवर मुगाची खिचडी खाऊन आठ दिवस राहिली.

प्रत्यक्ष काम अर्ध्या तासाचं. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते चार लिटरचं खारट पाणी हाच खरा छळ. व्हँकोमायसिन आधीच थांबवलं होतं, नाहीतर आत जाणारे नवे जंतूही त्यानेच मारले असते. डबा आत गेला, तिथे कालवलं, गाळलं, मोठ्या सिरिंजमधे भरून कोलोनोस्कोपमधून आतड्याच्या वरच्या टोकाला सोडलं. मग कुशीवर पडून राहायचं, होईल तितका वेळ दाबून धरायचं. माय शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "काही वास नही येस." जणू तिने उदबत्ती लावून ठेवायला सांगितली होती.

कॅप्सूलमधूनही देतात हे तिला मी नंतर सांगितलं. २०१७ मधे कॅनडात ११६ जणांवर बघितलं होतं, तोंडाने कॅप्सूल घेतलेल्यांचा आणि कोलोनोस्कोपीने घेतलेल्यांचा निकाल सारखाच, बारा आठवड्यांनी दोन्हीकडे शंभरात ९६ जणांना परत झालं नव्हतं. माय म्हणाली, "तोंडवाटे? त्यानापेक्षा खालूनच बरं." अमेरिकेत २०२२ च्या शेवटी एक आणि २०२३ च्या एप्रिलात कॅप्सूलवालं एक अशी दोन औषधं मंजूर झाली, कॅप्सूलचा कोर्स तीन दिवसांचा, रोज चार, तेव्हाची किंमत साडेसतरा हजार डॉलर. भावाने लगेच हिशोब मांडला, दोनशे क्विंटल कापूस. वहिनीकडे बघून म्हणाला, तू रोज सकाळी किती नुकसान करतेस बघ. वहिनीने लाटणं दाखवलं.

तिसऱ्या दिवशी मायला बांधून झालं. हे वाक्य ललित लेखात शोभत नाही पण आमच्या घरात त्या दिवशी पेढे आले. कसं होतं हे सगळं? यकृतातून जो पित्तरस येतो त्याचं रूप आतड्यातले काही चांगले जंतू बदलतात. मूळ रूपातल्या पित्ताने सी डिफचं बी रुजायला मदत होते, बदललेल्या रूपाने त्याची वाढ अडते. अँटिबायोटिकने ते बदलणारे जंतूच मरतात म्हणून रान त्याला मोकळं मिळतं. शिवाय जागा, खाणं, सगळ्यात वाटेकरी परत आले की त्याला पाय ठेवायला जागा राहत नाही. आपल्या अंगात जंतू किती, तर एका हिशोबाने ३८ लाख कोटी, आपल्या स्वतःच्या पेशींपेक्षा थोडे जास्तच, आणि सगळ्यांचं मिळून वजन पाव किलोच्या आत. यातले काही आता वहिनीचे.

प्रत्येकाला इतकं सरळ होत नाही, काहींना दुसऱ्यांदा द्यावं लागतं, आणि बाकी आजारांचं अजून पक्कं नाही. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजात अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होतात त्या आजाराच्या, पेशंटवर यावर बरीच वर्षं काम चाललंय. पण वजन कमी करायला, डिप्रेशनला, ऑटिझमला म्हणून कुणी दुकान मांडून बसलं असेल तर लांब राहा. मायला झाला तो आजार वेगळा, त्याच्यावर हा उपाय खरंच चालतो.

गावात काय सांगायचं हा मोठा प्रश्न होता. माय घरी आली तर बाया बघायला येणार, काय झालं, काय केलं, किती खर्च आला. भाऊ म्हणाला ऑपरेशन सांगू. मायने ओट्यावर बसून, शांतपणे, चार बायांना सांगितलं, "पोटमा इरजन लावं." दारात उभ्या नानांनी टोपी नीट केली आणि गोठ्याकडे निघून गेले. कुणाचं विरजण, हे कुणी विचारलं नाही.

या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले होते. वहिनीही तिच्या माहेरी, शिरपूरला. दुपारी मायने मला पुरणाचे मांडे वाढले, आमरस वाढला, आणि माझं ताट तसंच ठेवून फोन घेऊन ओट्यावर गेली. माय आता चांगली भरलीय, आवाज परत खणखणीत झालाय, गल्लीच्या टोकाला ऐकू जातो.

"जेवनी का तू?" म्हणाली. "काय खादं?"

मग बराच वेळ ऐकत राहिली, मधे दोनदा हं म्हणाली, आणि मग, "इतला रस नको खाऊ, माले जड जास."